सिलिंडर हेड : हवेची वाट आणि कोल्हापूरची फौंड्री

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावरची पाव मैलाची शर्यत, अंतर ४०२ मीटर. अमेरिकेत १९५१ साली या शर्यतींची राष्ट्रीय संघटना झाली. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरते. शर्यत काही सेकंदांची, पण त्यामागचं इंजिनाचं शास्त्र थेट आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीपर्यंत येतं.

इंजिनात पेट्रोल जास्त सोडणं सोपं, हवा भरणं अवघड. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. मिनिटाला ८,००० फेऱ्या असतील तर इनटेक वॉल्व्ह एका वेळी सेकंदाच्या जेमतेम दोनशेव्या भागापुरता उघडा राहतो. तेवढ्यात हवा आत गेली पाहिजे. म्हणून रेसिंगचे इंजिन बांधणारे हेडमधल्या पोर्टवर, म्हणजे हवेच्या वाटेवर, महिनोन्महिने काम करतात. बिल जेन्किन्स यांनी १९७२ मध्ये छोट्या व्हेगा गाडीत लहान इंजिन बसवून भल्या मोठ्या हेमी इंजिनांना हरवलं. पोर्टमधून किती हवा जाते हे फ्लो बेंच नावाच्या यंत्रावर मोजतात. अंदाजाला तिथे जागा नाही.

गॅरेजमध्ये मात्र पोरांचा समज वेगळाच. पोर्ट घासून मोठा केला, आरशासारखा चकचकीत केला की गाडी पळणार! पोर्ट गरजेपेक्षा मोठा झाला की हवेचा वेग पडतो आणि कमी फेऱ्यांवर ओढ जाते. खरी किंमत वॉल्व्ह सीटच्या अलीकडच्या आतल्या वळणाला असते. हवा तिथेच भिंत सोडते. ते वळण ग्राइंडरने बिघडलं तर हेड भंगारात.

आता फौंड्री. पोर्टची पोकळी वाळूच्या कोअरने तयार होते. साच्यात कोअर बसवून सुमारे १,४०० अंश सेल्सिअसचा लोखंडी रस ओततात, थंड झाल्यावर वाळू झाडतात. उरते ती हवेची वाट. कोअर मिलिमीटरभर सरकला तर एका बाजूची भिंत पातळ होते. घाटगे-पाटील इंडस्ट्रीज, मेनन अँड मेनन या कोल्हापुरी कंपन्या सिलिंडर ब्लॉक आणि हेड ओततात. हे काम रेसिंगचं नव्हे. पण डिझेल हेडचा पोर्ट अनेकदा मुद्दाम पिळाचा ठेवतात, म्हणजे हवा भोवऱ्यासारखी फिरत आत जाते आणि डिझेल नीट मिसळतं. तो पीळ कोअरमध्येच असतो. त्यामुळे कोअर शॉपमधला आपला मुलगा निव्वळ वाळू भरतो असं कुणी म्हणू नये.

पालकांनी एवढं माहीत ठेवावं. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि दोन्ही एकदमही होऊ शकतं. हेडच्या कामाची आवड असलेल्या मुलासाठी आयटीआयमध्ये फाउंड्रीमन, मशिनिस्ट आणि मोटर मेकॅनिक हे ट्रेड आहेत. प्रवेशाआधी जवळच्या संस्थेत त्यातला कोणता चालतो ते विचारून घ्यावं.