‘ताप’ आणि ‘इतर’ : आजाराच्या नोंदींचा एक इतिहास

‘केसपेपर’ हा शब्द मराठीत पुरता रुळला आहे. ‘रुग्णपत्रिका’ हा प्रतिशब्द फार तर सरकारी कागदावर भेटतो, माणसांच्या तोंडी तो कधी आला नाही. सातारा-सांगली भागातील बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत केसपेपर, एक्स-रे, रक्त-लघवीचे रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे साठत जातात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीतील माझ्या एका मावशींची अशी पिशवी पाण्यात गेली. पुढे नव्या डॉक्टरांनी आधीचे कागद मागितले तेव्हा मावशी तोंडी सांगू लागल्या : केव्हापासून जीव घाबरा होतो, हातपाय कसे गळतात, कुणाचे काय झाल्यापासून झोप गेली. “कागद असते तर बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचे म्हणणे रास्तच होते. तथापि मला तेव्हापासून एक प्रश्न पडला आहे. मावशी जे सांगत होत्या ते त्या बुडालेल्या कागदांवर होते काय?

रुग्णाच्या नोंदी संगणकावर ठेवण्याचा विषय निघाला की तो अभियंत्यांचा किंवा डॉक्टरांचा विषय आहे असे समजून साहित्याचे अभ्यासक बाजूला होतात. परंतु नोंद हाही लेखनाचाच प्रकार आहे. तिला लिहिणारा असतो, वाचणारा असतो, काही संकेत असतात आणि काय लिहायचे नाही याचे नियमही असतात. या दृष्टीने आपल्याच परिसरातील आजाराच्या नोंदींचा इतिहास पाहिला तर आजच्या संगणकीय नोंदींविषयी काही गोष्टी स्पष्ट होतात.

आजचा सांगली जिल्हा १९४९मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याचा बराचसा भाग त्यापूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. ब्रिटिश अमलातील या भागात गावपातळीवर जन्ममृत्यूची जी नोंदवही ठेवली जाई ती लोकव्यवहारात ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाते. महसुली परिभाषेत ती गाव नमुना नंबर १४. जन्ममृत्यूची खबर मिळाली की गावकामगाराने मयताचे नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण तीत भरायचे. ही वही भरणारा वैद्य नव्हता आणि मयताला बहुधा कोणत्याही डॉक्टरने पाहिलेले नसे. कारणांचे रकानेही मोजके : पटकी, देवी, ताप, हगवण, पुढे प्लेग, दम्याखोकल्याचे आजार, अपघात व सर्पदंश आणि उरलेले सर्व ‘इतर’.

या रकान्यांमागे प्रशासनाची गरज होती. साथ कोठे आहे आणि कोणीकडे सरकते आहे हे सरकारला कळायला हवे होते. मुंबईत १८९६मध्ये प्लेग आला, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि पुढे सातारा जिल्ह्यालाही प्लेगने गाठले. याच जिल्ह्यातील नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने गेल्या. अशा काळात मोजणी करणे आवश्यकच होते. तिला निव्वळ ‘वसाहतवादी नजर’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही.

मात्र या मोजणीची मर्यादा १९१८मध्ये उघडी पडली. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. गावच्या वहीत या आजारासाठी वेगळा रकाना नव्हता, त्यामुळे असंख्य मृत्यू ‘ताप’ या नेहमीच्या सदरात पडले. पुढच्या अभ्यासकांना मृतांचा अंदाज नेहमीच्या वर्षांपेक्षा किती अधिक मृत्यू नोंदले गेले यावरून बांधावा लागला. आजार डोळ्यांसमोर होता आणि गावाला तो माहीतही होता, परंतु वहीत त्याला जागा नव्हती. रकाना नसला की घटना नाहीशी होत नाही. ती दुसऱ्याच्या रकान्यात जाऊन बसते आणि तिथे ओळखू येईनाशी होते.

याच वह्यांना शंभर वर्षांनी दुसरा जन्म मिळाला. सप्टेंबर २०२३मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तपासावयाच्या अभिलेखांत गाव नमुना नंबर १४ होता. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. पटकीने कोण मेले हे कळावे म्हणून भरलेली वही आता मयताची जात कोणती हे सांगण्यासाठी उघडली जाऊ लागली. आरक्षणाच्या प्रश्नात येथे शिरण्याचे कारण नाही. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की नोंद ज्या हेतूने केली जाते त्या हेतूपेक्षा ती अधिक काळ जगते आणि तिचा पुढचा वाचक कोण असेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

गाववहीत मृत्यूची एक ओळ असे. रुग्णाच्या जगण्याची नोंद रुग्णालयाबरोबर आली. विल्यम जेम्स वॉन्लेस हे मिशनरी डॉक्टर १८८९मध्ये सांगलीत आले आणि १८९४मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. १८९७मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे रुग्ण दूरवरून येत. परंतु आपल्याकडे आधुनिक वैद्यकाच्या शिक्षणाची भाषा इंग्रजी राहिली आणि म्हणून नोंदीचीही. तेव्हापासून केसपेपर हा मुळात अनुवाद आहे. सांगणारा एका भाषेत सांगतो आणि लिहिणारा दुसऱ्या भाषेत लिहितो.

या अनुवादात काय गळते? मराठीत दुखणे एक नाही. दात ठणकतो, कंबरेत उसण भरते, पोटात मुरडा येतो, छातीत चमक निघते, कळ येते किंवा छाती आवळल्यासारखी होते. हे शब्दवैभव केवळ कोशकारासाठी नाही. छातीत चमक निघणे आणि छाती आवळणे यांतील फरक हृदयविकाराचा संशय घ्यावा की नाही हे ठरवताना उपयोगी पडतो. कागदावर मात्र दोन्हींचे पुष्कळदा ‘चेस्ट पेन’ होते.

वैद्यकातील विचारवंतांना याची जाणीव नव्हती असे नाही. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील आपल्या प्रसिद्ध लेखात विस्कळीत केसपेपरवर टीका केली आणि नोंदीला शिस्त दिली. त्यांच्या पद्धतीत नोंदीचे चार भाग येतात : रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळते, त्यावरून निष्कर्ष काय आणि पुढे काय करावयाचे. यात पहिला मान रुग्णाच्या कथनाला आहे. वीड संगणकाचेही आद्य पुरस्कर्ते होते आणि व्हरमाँट येथे त्यांनी अशी प्रणाली उभारली. म्हणजे संगणकीय नोंदीच्या उगमापाशी रुग्णाचे बोलणे अग्रभागी होते.

पुढे अडचण आली ती मोजणीची. संगणकाला ‘जीव घाबरा होतो’ हे साठवता येते, पण मोजता येत नाही. मोजण्यासाठी संकेतांक हवा. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी १८९३मध्ये बर्तियाँ यांनी मांडली आणि तिची दहावी आवृत्ती आपल्याकडेही वापरात आली. त्या यादीत ‘आर ५०’ म्हणजे इतर व अज्ञात कारणांचा ताप आणि ‘आर ५३’ म्हणजे अस्वस्थता व थकवा. कोतवाल बुकातील ‘ताप’ आणि ‘इतर’ अशा रीतीने संकेतांकाचे वस्त्र लेवून परत आले! मावशींच्या सगळ्या कहाणीला बहुधा ‘आर ५३’ एवढीच जागा मिळाली असती.

भारताने संगणकीय आरोग्यनोंदींची मानके २०१३मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१६मध्ये ती सुधारली. त्यासाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातील सी-डॅकमध्ये आहे. या मानकांचे लाभ खरे आहेत. पिशवी पुरात गेली तरी नोंद राहते, औषधाची ॲलर्जी दुसऱ्या गावच्या डॉक्टरला कळते, तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. परंतु संशोधनाने दुसरी बाजूही दाखवली आहे. अमेरिकेत २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णासमोर एक तास घालवतात तेव्हा संगणकीय नोंदी व टेबलावरील कामात जवळजवळ दोन तास जातात असे आढळले. आणि नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्समधील सर्व्हर सायबर हल्ल्याने बंद पडले तेव्हा देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस पुन्हा कागदावर यावे लागले. पुराचे पाणी फक्त नदीतूनच येते असे नाही.

मग कथन आणि मोजणी यांचा मेळ बसतच नाही काय? बसतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण भारतातच आहे. या शतकाच्या आरंभी महानिबंधक कार्यालयाच्या नमुना पाहणीच्या आधारे दहा लाख मृत्यूंचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात प्रशिक्षित कार्यकर्ते मयताच्या घरी जात. ते ठरलेले प्रश्न विचारत आणि शिवाय घरच्या माणसांनी सांगितलेली हकिकत स्थानिक भाषेत लिहून घेत. नंतर दोन डॉक्टर स्वतंत्रपणे ती वाचून मृत्यूचे कारण ठरवत. या अभ्यासावरून २०११मध्ये असा अंदाज निघाला की २००५मध्ये देशात सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने मरण पावली. सरकारी रुग्णालयांच्या नोंदीतील आकडा याच्या कितीतरी पटींनी कमी होता, कारण तीनचतुर्थांशांहून अधिक मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले होते. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेले बत्तीस शिराळा ज्या जिल्ह्यात आहे, जेथे उसाच्या फडात रात्री पाणी पाजताना साप चावणे ही नवलाची गोष्ट नाही, तेथील वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. रुग्णालयाचा संगणक कितीही चांगला असला तरी जो दारापर्यंत पोचलाच नाही त्याची नोंद त्यात नसते. ती त्याच्या घरच्यांच्या बोलण्यात असते.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. प्रत्येकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक घेता येतो आणि रुग्णाच्या संमतीनेच नोंदी एकमेकांना दाखवाव्यात असे त्याचे तत्त्व आहे. २०२३मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही संमत झाला. हे स्वागतार्ह आहे. परंतु कोतवाल बुकाचा अनुभव समोर ठेवला तर संमती या शब्दापाशी थोडे थांबावे लागते. आज मोबाइलवर ‘होय’ म्हणणारी व्यक्ती आजच्या वाचकाला होकार देते. उद्याचा वाचक विमा कंपनी असेल, नोकरी देणारा असेल की शंभर वर्षांनंतरची एखादी समिती असेल, हे तिला कसे कळावे? आणि त्या वाचकापुढे तिचे स्वतःचे म्हणणे असेल की केवळ संकेतांक?

या दोन प्रश्नांपैकी पहिला कायद्याचा आहे. दुसरा मात्र आपल्या, म्हणजे भाषेच्या अभ्यासकांच्या अखत्यारीतला आहे. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत माणसे आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात याचा पद्धतशीर संग्रह एम.ए.च्या विद्यार्थ्यांना करता येईल. नुसती यादी पुरणार नाही. कोणता शब्द कोणत्या अवस्थेसाठी येतो हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवावे लागेल. बोलीभाषांच्या अभ्यासात आपण शेतीचे, नात्यांचे आणि सणांचे शब्द गोळा केले, तसेच हेही काम आहे. उद्या एखाद्या प्रणालीत मराठी कथनासाठी जागा झालीच तर तिथे काय लिहावे आणि ते कसे वाचावे, हे सांगणारे कोणीतरी तयार असायला हवे.

मावशींचे आता नवे कागद झाले आहेत आणि ते संगणकावरही आहेत. त्या मात्र प्रत्येक भेटीत सगळे पहिल्यापासून सांगतात. घरातले लोक त्यांना “ते आहे सगळं कॉम्प्युटरमध्ये” म्हणून गप्प करतात. मीही पूर्वी करीत असे. आता करीत नाही.