गाविलगडाचा वळसा

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तर सीमेवर पूर्व-पश्चिम पसरलेली गाविलगडची डोंगररांग ही सातपुड्याची दक्षिणेकडील शाखा असून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वारंवार बाहेर पडलेल्या लाव्ह्याच्या थरांनी ती घडली आहे. या थरांना भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. हे नाव जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले असून, पयानघाटातून, म्हणजे पूर्णेच्या काळ्या मातीच्या सपाट खोऱ्यातून, उत्तरेकडे नजर टाकली की ते किती नेमके आहे हे ध्यानात येते. प्रत्येक थराचा घट्ट काळवत्री दगड उभा कडा धरतो, तर थराच्या माथ्याचा, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला आणि पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला दगड लवकर झिजतो व तेथे पायरी तयार होते. त्यामुळे सरळ चढू पाहणाऱ्याला दर पायरीशी कडा आडवा येतो, मात्र पायरीच्या कडेकडेने फिरत गेले तर कुठे तरी नाळ किंवा सोंड सापडते आणि वरच्या पायरीवर पाऊल टाकता येते. या मुलखातील वाटांचा इतिहास हा बहुतांशी अशा वळशांचाच इतिहास आहे.

गाविलगड हे नाव या डोंगरांत गुरे राखणाऱ्या गवळ्यांवरून आले असे मानले जाते. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने 1425 च्या सुमारास, एलिचपुरास (आजच्या अचलपुरास) मुक्काम असताना, हा किल्ला उभारला आणि पश्चिमेकडील नरनाळ्याची डागडुजी करविली. पुढे इमादशाहीच्या काळात दोन्ही किल्ले वऱ्हाडच्या सत्तेचे आधार बनले. गाविलगडाची रचना खडकाच्या स्वभावाप्रमाणेच आहे. आतला किल्ला दक्षिणेच्या तुटलेल्या कड्यावर बसलेला, तर बाहेरचा किल्ला उत्तर व वायव्य बाजू राखणारा, कारण त्याच अंगाने डोंगर मागच्या पठाराशी जोडलेला आहे. पयानघाटातून दिसणारी बाजू भव्य असली तरी तिला बांधकामाची फारशी गरज नव्हती. तट, दरवाजे आणि खर्च हे सारे मागच्या बाजूला लागले.

हा हिशेब 1803 साली दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पारखला गेला. अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे 29 नोव्हेंबरला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केल्यानंतर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली हा एलिचपुरास आला, आणि दक्षिणेकडून किल्ला घेणे अशक्यप्राय आहे असे पाहून त्याने कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीस डोंगर ओलांडून उत्तरेकडील लबाडा गावाकडून वेढा घालण्यास सांगितले. 7 डिसेंबरला निघालेली ही तुकडी 12 तारखेस लबाड्यास पोहोचली. अंतर सुमारे तीस मैल, पण गाड्यांसाठी वाट अशी नव्हतीच. शिपायांनी आधी रस्ता फोडायचा आणि मग त्यावरून जड तोफा व दारूगोळा हाताने ओढत न्यायचा, असा क्रम जवळजवळ सर्व वाटेवर चालला. इंग्रजी इतिहासग्रंथांत 15 डिसेंबरच्या हल्ल्याचे, विशेषतः कॅप्टन कॅम्बेलच्या शिपायांनी दरीतून शिड्या लावून आतला तट चढण्याचे वर्णन रंगते, आणि किल्लेदार बेनीसिंग त्या दिवशी लढता लढता पडला. तथापि किल्ल्याचे भवितव्य त्या सकाळी नव्हे, तर आधीच्या पाच दिवसांच्या फेऱ्यात ठरले होते, असेच म्हणणे रास्त होईल. वेलस्लीने दक्षिणेकडूनही तोफा लावल्या होत्या, पण त्यांचा उपयोग शत्रूचे लक्ष विभागण्यापलीकडे फारसा झाला नाही. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून गेले, तरी गाविलगड आणि नरनाळा मात्र त्यांच्याकडे राहिले. 1858 मध्ये तात्या टोपे यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी निकामी केली.

फौजा कधीतरी येत. बंजाऱ्यांचे तांडे मात्र नेमाने येत. वऱ्हाडचा कापूस लदणीच्या बैलांवरून, म्हणजे पाठीच्या दोन्ही अंगांना गोण टाकलेल्या बैलांवरून, सुमारे पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरपर्यंत जाई. चाक जेथे अडते तेथे बैलाचा खूर चालतो, त्यामुळे या दगडी मुलखात तांड्यांची सद्दी दीर्घकाळ टिकली. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली आणि ती सद्दी थोड्याच वर्षांत संपली.

रेल्वेने सपाटी जिंकली, पण डोंगरापुढे तिलाही वळशाचीच युक्ती करावी लागली. अकोला-खंडवा मीटरगेज मार्गावर धूळघाट येथे चढ सौम्य करण्यासाठी रुळांचा एक पूर्ण वेढा घातलेला होता, ज्यात गाडी गोल फिरून आपल्याच रुळांना वरून ओलांडत असे. अकोट ते खंडवा या टप्प्यावरील गाड्या 2017 मध्ये रुंदीकरणासाठी थांबल्या. त्याआधीच या डोंगरांतील मेळघाटात 1970 च्या दशकात व्याघ्र प्रकल्प झालेला होता, आणि जुना मार्ग त्यातून जात असल्याने वाद उभा राहिला. त्यातून अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद असा, डोंगराच्या पश्चिम अंगाने जाणारा लांबचा मार्ग पुढे आला.