सरकारी औषधसूत्र आणि वैद्याचा विवेक : चिनी वैद्यकातील जुनाट कफाच्या चिकित्सेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

चिनी पारंपरिक वैद्यकात 'थान' म्हणजे कफ ही संकल्पना केवळ खोकल्यातून पडणाऱ्या बेडक्यापुरती मर्यादित नाही. शरीरातील द्रवाचे वहन व रूपांतर बिघडल्यामुळे साचणारा कोणताही दाट स्राव थान या संज्ञेत येतो. या मतानुसार कफ प्लीहेत निर्माण होतो आणि फुप्फुसात साठतो. त्यामुळे छातीतील जुनाट कफाचा उपचार पचनसंस्थेपासून सुरू होतो. या चिकित्सेचा आधार ठरलेले 'अर्-छेन-थांग' हे सूत्र सरकारी औषधालयाच्या ग्रंथातून आले. मात्र त्याला खरी प्रतिष्ठा लाभली ती त्याच ग्रंथाच्या टीकाकाराकडून. या विसंगतीचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सरकारी औषधालय व त्याचा ग्रंथ

सोंग राजवटीत, वांग आन-शी याच्या सुधारणांच्या काळात, इ. स. 1076 मध्ये राजधानी खायफंग येथे तयार औषधे विकणारे सरकारी औषधालय स्थापन झाले. त्याच्या सूत्रांचा संग्रह पुढे वाढत गेला व 1151 मध्ये त्यास 'थाय-फिंग हुई-मिन हो-ची च्यू-फांग' हे नाव मिळाले. अंतिम स्वरूपात त्यात 788 सूत्रे आहेत. लक्षण पाहावे, सूत्र निवडावे व औषध घ्यावे, अशी ही सुलभ व्यवस्था होती. भेसळीला आळा आणि सामान्यांना औषध हे तिचे निर्विवाद गुण होत.

अर्-छेन-थांग याच ग्रंथात आढळते. पान-श्या हा कंद व संत्रावर्गीय फळाची साल प्रत्येकी पाच भाग, पाइनच्या मुळांवर वाढणारी फू-लिंग ही बुरशी तीन भाग आणि ज्येष्ठमध दीड भाग, असे त्याचे प्रमाण आहे. काढा करताना आल्याच्या सात चकत्या व धुरी दिलेले एक आंबट फळ घालावयाचे असते. 'अर्-छेन' म्हणजे 'दोन जुनी'. कंद व साल जितकी मुरलेली तितकी सौम्य, असा त्यामागील अनुभव होय. पान-श्या हा सुरण व अळू यांच्याच कुळातील असून कच्चा असता घशाला तीव्र खाज आणतो. म्हणून आले, तुरटी इत्यादींनी त्यावर संस्कार करतात. विशेष म्हणजे मूळ ग्रंथात या सूत्राची लक्षणे मळमळ, वांती, चक्कर, छातीतील धडधड व थंड, कच्च्या अन्नाने झालेला पोटाचा बिघाड अशी दिली आहेत. खोकल्याचा तेथे निर्देश नाही.

चू चेन-हेंग यांची टीका

युआन काळातील वैद्य चू चेन-हेंग (1281–1358), अर्थात चू तान-शी, यांनी 'च्यू-फांग फा-हुई' या ग्रंथात सरकारी संग्रहाची कठोर चिकित्सा केली. रोगाचे कारण न शोधता ठरावीक सूत्र देणे आणि उष्ण, सुगंधी, शोषक द्रव्यांचा सरसकट वापर करणे त्यांना घातक वाटे. अशाने शरीरातील आर्द्र अंश क्षीण होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तथापि अर्-छेन-थांग त्यांनी त्याज्य ठरविले नाही. शिष्यपरंपरेने संकलित केलेल्या 'तान-शी शिन-फा' ग्रंथात ते सर्वांगातील कफावरचे सूत्र मानले आहे; परंतु त्यात कफाच्या प्रकारानुसार द्रव्ये सुचविली आहेत. 'जुन्या' म्हणजे चिवट, दीर्घकाळ साचलेल्या कफासाठी समुद्रफेसासारखा सच्छिद्र दगड, पडवळाच्या वंशातील क्वा-लौ हे फळ आणि नागरमोथ्याच्या जातीचा कंद यांचा निर्देश आहे. सरकारी ग्रंथात जे उत्तर होते, ते येथे विचाराचा आरंभबिंदू झाले.

निष्कर्ष

अर्-छेन आजही चीनच्या अधिकृत औषधकोशात गोळीच्या रूपात समाविष्ट आहे. म्हणजे ठरावीक सूत्राची सोंगकालीन परंपरा टिकून आहे. दुसरीकडे, रुग्णागणिक द्रव्ये बदलणाऱ्या वैद्यांची परंपराही खंडित झालेली नाही. आधुनिक चिकित्सालयीन चाचणीस एकरूप औषध लागते, तर परंपरेस बदलते. म्हणूनच अशा उपचारांचे मूल्यमापन अवघड ठरते. शिवाय जुनाट कफामागे क्षय किंवा श्वासनलिकांचा विकारही असू शकतो, आणि त्याचे निदान कोणत्याही सूत्राने होत नाही. सूत्राचे दीर्घायुष्य हा त्याच्या गुणकारितेचा पुरावा नव्हे. सुलभ औषध समाजाला हवेच. परंतु ते निदानाची जागा घेऊ लागले की अपाय सुरू होतो, हा चू चेन-हेंग यांच्या टीकेचा गाभा आजही विचारात घेण्याजोगा आहे.