डेकवरचं वाळवण आणि सीडरच्या फळ्या



मागच्या वर्षीचा उन्हाळा मी मुलाकडे अमेरिकेत काढला. त्याचं घर वॉशिंग्टन राज्यात, रिचलंड गावात आहे. सिॲटल म्हटलं की पाऊस आणि हिरवीगार झाडं डोळ्यांसमोर येतात, पण तो त्या राज्याचा पश्चिमेकडचा भाग. मध्ये कॅस्केड डोंगररांग आडवी आहे. समुद्राकडून येणारे ढग तिथेच रिकामे होतात आणि पलीकडे पूर्वेला उरतं ते ऊन आणि वारं. रिचलंडला वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आसपास. आमचा दुष्काळी जत तालुकासुद्धा त्यापुढे ओला म्हणायचा. 29 जून 2021 ला गावाजवळच्या हॅनफर्डला 120 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ 49 सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. तो त्या राज्याचा उच्चांक आहे.

असं ऊन आणि असं वारं दिसल्यावर आपल्यासारखी बाई काय करणार? वाळवण घातलं. घराच्या मागच्या दारी लाकडी डेक आहे. आपल्याकडचा कट्टा म्हणा किंवा सोपा म्हणा, फक्त जमिनीपासून हातभर उचललेला आणि फळ्यांचा. मी त्यावर धुतलेलं धोतर अंथरलं, चार कडांना दगड ठेवले आणि ज्वारीच्या पापड्या घातल्या. एका दुपारी कडकडीत वाळल्या. दुसऱ्या दिवशी सांडगे. नातू शेजारी बसून राखण करत होता आणि अधूनमधून ओली पापडी मटकावत होता.

संध्याकाळी मुलगा एक सैल झालेली फळी बघायला डेकखाली शिरला आणि हातात प्लास्टिकची एक छोटी पट्टी घेऊन बाहेर आला. तुळईच्या टोकाला ती ठोकलेली होती. त्याने ती वाचली आणि म्हणाला, "आई, पापड्या काढ. खायच्या नाहीत." घर 1998 सालचं. डेकच्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं होतं. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल! तो लाकडाच्या पृष्ठभागावर थोडाथोडा येत राहतो आणि हाताला लागतो. दोन दिवसांची मेहनत मी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. पापड्यांचं दुःख नव्हतं हो, नातवाच्या पोटाची धास्ती होती. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं, तरी दोन रात्री मला झोप आली नाही.

मी बी.कॉम. केलेली बाई. कुठलीही गोष्ट जमाखर्चात मांडल्याशिवाय मला समजत नाही. डेक काढून नवा करायचा हे ठरलंच होतं. कुठल्या लाकडाचा, याचा हिशोब मुलाने माझ्याकडे दिला. हिशोब करता करता मी बरीच मागे गेले.

पहिला धक्का सोमलाचाच होता. तांबं-क्रोमियम-आर्सेनिक हे मिश्रण कुणी शोधलं असेल? सोंती कामेशन या आपल्याच रसायनशास्त्रज्ञाने, 1933 मध्ये, डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. आपल्या हवेत वाळवी आणि कुज लाकडाला फार लवकर संपवतात, त्यावरचा तो उपाय होता. खांबांसाठी तो उत्तम ठरला आणि जगभर गेला. 1970 च्या दशकापासून अमेरिकेत स्वस्त पाइन लाकडात हेच मुरवून घरोघरी डेक बांधले गेले. पुढे लहान मुलं त्यावर रांगतात हे लक्षात आलं. 2002 च्या फेब्रुवारीत कंपन्यांनी घरगुती वापरातून ते मागे घ्यायचं मान्य केलं आणि 31 डिसेंबर 2003 नंतर ते घरांसाठी मिळेनासं झालं. आधी बांधलेले डेक मात्र जिथल्या तिथे राहिले. डेहराडूनहून निघालेलं औषध माझ्या पापड्यांपर्यंत असं पोचलं.

औषध नको, तर स्वतःच टिकणारं लाकूड हवं. तिथे ते म्हणजे सीडर. मी आधी सीडर म्हणजे आपला देवदार समजत होते. देवदार खरोखरच सीडर आहे, पण अमेरिकेतला हा 'वेस्टर्न रेड सीडर' सीडर नव्हेच, तो सायप्रसच्या कुळातला. नाव गोऱ्यांनी वासावरून आणि रंगावरून देऊन टाकलं. त्याच्या तांबूस गाभ्यात स्वतःचीच द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे बुरशी आणि कीड सहसा लागत नाही. लाकूड वजनाला हलकं. सुकताना आकसतंही कमी, त्यामुळे फार पिळत नाही. कोरड्या वाऱ्यात हा गुण सोन्यासारखा.

पण हे झाड रिचलंडचं नाही. ते डोंगरापलीकडच्या ओल्या किनाऱ्याचं. रिचलंडच्या बाजूला झाडंच नव्हती. 1805 च्या ऑक्टोबरमध्ये लुईस आणि क्लार्क यांची तुकडी स्नेक आणि कोलंबिया नद्यांच्या संगमावर पोचली. तिथून रिचलंड अगदी जवळ. लोकांनी मासे वाळवायला लाकडी मांडव घातले होते आणि क्लार्कला प्रश्न पडला की आसपास विलोची झुडपं सोडली तर झाड नाही, मग हे लाकूड आणतात तरी कुठून? तिथली घरं लव्हाळ्याच्या चटयांची होती. उन्हाळ्यात चटईचे देठ सुकून आकसतात आणि फटींतून वारा खेळतो. पाऊस आला की तेच देठ फुगतात आणि फटी बुजतात. हे वाचून मी मुलाला म्हटलं, "तुमच्या डेकपेक्षा हे शहाणपणाचं." तो हसला. पण पुढे फटींचा विषय निघालाच, सांगते.

किनाऱ्यावरच्या लोकांचं सगळं आयुष्य मात्र सीडरवर. घर, होडी, पेट्या, सालीची वस्त्रं. काही शतकांपूर्वी दरड कोसळून ओझेट नावाचं मकाह लोकांचं गाव चिखलाखाली गेलं होतं. 1970 मध्ये वादळाने ते उघडं पडलं. रिचर्ड डॉगर्टी यांनी मकाह लोकांच्या सोबतीने अकरा वर्षं उत्खनन केलं आणि 55 हजारांहून जास्त वस्तू निघाल्या. चिखलाने हवा लागू दिली नाही म्हणून घरांच्या सीडरच्या फळ्यासुद्धा टिकल्या होत्या.

त्या किनाऱ्यावर फळ्या कशा काढत, ते वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. हिलरी स्टुअर्ट यांच्या 1984 च्या 'सीडर' या पुस्तकात त्याची चित्रं आहेत. उभ्या, जिवंत झाडाला खाली एक खाच आणि वर एक खाच पाडायची. पाचरी ठोकून मधली चीर उघडायची. त्या चिरेत आडवा दांडा घालून ठेवायचा आणि निघून जायचं. झाड वाऱ्याने डोलतं आणि डोलता डोलता चीर आपोआप वाढत जाते. सीडर सरळ रेषेत चिरतो, म्हणून लांबच लांब फळी सुटून येते. झाड उभंच राहतं आणि जखमेच्या कडा भरून येतात. अशा खुणांची जिवंत झाडं त्या किनाऱ्यावर आजही आहेत. झाडाला हात लावण्याआधी त्याला उद्देशून प्रार्थना म्हणत. होडीसाठी आणि मोठ्या खांबांसाठी ते अख्खं झाडही पाडत, हेही सांगायला हवं.

आमच्या माहेरच्या बस्तीत भिंतीवर लेश्यावृक्षाचं चित्र होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. सहा भुकेले पुरुष जांभळाच्या झाडाशी येतात. एक म्हणतो मुळापासून तोडू, दुसरा खोडापासून, तिसरा फांद्या, चौथा घोस, पाचवा फक्त फळं आणि सहावा खाली पडलेली जांभळं वेचू म्हणतो. लहानपणी मला त्यातला पहिला कुऱ्हाडवालाच लक्षात राहायचा. जिवंत झाडाची एक फळी मागून नेणारा माणूस या सहांत कुठे बसवायचा, ते मला ठरवता येईना. फांदीवाल्याच्या जरा पुढे असेल.

त्यानंतरचा इतिहास मात्र सरळ पहिल्या दोघांचा आहे. 1883 मध्ये रेल्वे टकोमापर्यंत पोचली, 1893 मध्ये दुसरी सिॲटलपर्यंत. मग छपरावर घालायच्या सीडरच्या पातळ पट्ट्या गाड्या भरभरून पूर्वेला जाऊ लागल्या. हजार वर्षांची झाडं पट्ट्या होऊन गेली. एव्हरेट गावातल्या गिरण्यांत उघड्या करवतींसमोर कामगार इतक्या वेगाने हात चालवत की त्यांना 'विणकर' म्हणत. बोटं गमावलेला हात हीच त्यांची ओळख. वर सीडरच्या भुशाने दमा व्हायचा. ज्या द्रव्यांमुळे लाकूड टिकतं, त्यांतलंच एक आम्ल माणसाच्या छातीत भरतं. 1916 च्या मे महिन्यात या विणकरांनी संप केला आणि 5 नोव्हेंबरला गोदीवर गोळीबार होऊन निदान सात माणसं गेली.

घराला डेक जोडायची हौस त्या मानाने अलीकडची, दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातून पसरलेली. तिथल्या टॉमस चर्च यांच्या 1948 च्या डॉनेल बागेत डेकला भोकं ठेवून ओकची झाडं तशीच वर येऊ दिली आहेत. फोटो पाहून मला बरं वाटलं.

आता आमचा डेक. प्लास्टिक आणि भुशाच्या फळ्या टिकाऊ, पण त्या उन्हात पाय भाजतात. सीडर हलका असल्याने तेवढा तापत नाही. किंमत भागिले वर्षं असा मी घसारा काढला, पंधरा ते वीस वर्षं धरून. दर एक-दोन वर्षांनी तेल द्यायचा खर्चही त्यात घातला, कारण ऊन लाकडाला राखाडी करतं आणि चिरा पाडतं. सीडर जेमतेम बसत होता. त्यातही गाभ्याचं लाकूड हवं. सालीजवळचं पांढुरकं लाकूड कुजतं, आणि हल्लीच्या कमी वयाच्या झाडांच्या स्वस्त फळ्यांत ते बरंच येतं. वखारीत मी फळ्या भाजीसारख्या निवडल्या.

फळ्या आणल्यावर दोन आठवडे सावलीत, मध्ये चिपा घालून, रचून ठेवल्या. ओल्या किनाऱ्यावरच्या लाकडाला या कोरड्या हवेची सवय होऊ दिली. घाईने ठोकल्या असत्या तर महिन्याभरात फटी बोटभर झाल्या असत्या. मग तीन मिलिमीटरची फट ठेवून बसवल्या. तेवढ्यातून धूळ खाली जाते आणि मुंगीलाही वाट मिळते. फळीच्या चारी बाजूंना आणि कापलेल्या टोकांना आधीच तेल पाजलं, कारण लाकूड टोकांतून सर्वांत लवकर सुकतं आणि तिथेच फाटतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, साध्या लोखंडाने सीडरवर काळे ओघळ येतात. वारा डेकला खालून उचलतो, म्हणून प्रत्येक खांब काँक्रीटच्या पायाशी आणि प्रत्येक तुळई खांबाशी लोखंडी पट्ट्यांनी जखडली.

त्या वाऱ्याची तिथे ख्याती आहे. 1943 मध्ये हॅनफर्डला अणुबॉम्बसाठीचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा धुळीचं वादळ झालं की कामगार रांगा लावून राजीनामे देत. त्या वाऱ्याला ते 'नोकरी सोडायचं वारं' म्हणायचे! आडोशाला मुलगा सलग भिंत घालणार होता. पण सलग भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करतो. निम्मी फट आणि निम्मी पट्टी ठेवली की वारा गाळून, मऊ होऊन येतो. चटईवाल्यांना ते माहीत होतं, असं मी त्याला ऐकवलंच.

एक गोष्ट लपवत नाही. खालचा सांगाडा औषध मुरवलेल्याच लाकडाचा आहे. सोमल नाही, नुसतं तांब्याचं औषध, पण कीड मारायलाच केलेलं. जमिनीजवळ सीडर फार दिवस टिकला नसता आणि पैसेही संपले होते. जुन्या फळ्या जाळताही येत नाहीत, राखेत सोमल उतरतो. त्या पालिकेच्या कचराभूमीत गेल्या.

वाळवण मी आता स्टीलच्या परातींत घालते. स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या तिसऱ्या फळीला एका कडेने पांढुरकी पट्टी आहे, निवडताना माझ्याच नजरेतून सुटलेली. मुलगा बदलून आणतो म्हणाला, मी नको म्हटलं. फळी एकदा कापली गेली होती. ती सगळ्यांत आधी जाईल, तेव्हा बघू.