हॉब्सनचा घोडा

‘हॉब्सन्स चॉइस’ हा वाक्प्रचार आता इंग्लंडातही जुन्या वळणाचा वाटतो. पण ज्याच्या नावावरून तो आला, तो थॉमस हॉब्सन खराखुरा माणूस होता. केंब्रिजचा हा रहिवासी लंडनपर्यंत टपाल आणि सामान पोचवायचा. शिवाय त्याच्या तबेल्यात चाळीसेक घोडे होते, ते तो भाड्याने देई.

गिऱ्हाइकांत भरणा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा. त्यांना हवा असे सगळ्यांत चपळ घोडा, आणि तो दौडवायचा भरधाव. चांगल्या जनावरांचा जीव जाई, बाकीची ठाणावर बसून राहत. हॉब्सनने पाळी लावली. दमून आलेला घोडा रांगेत मागे जाई, विसावलेला पुढे सरके. कोणीही येवो, दाराजवळ उभा असेल तोच घोडा न्यायचा. नको असेल तर चालायला लागावे! फार पळवले नाहीत तरी लंडनला वेळेवर पोचाल, असे तो पोरांना बजावत असे. ही हकीकत १७१२ साली ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकात छापून आली आणि सर्वतोमुखी झाली. वाक्प्रचार मात्र त्याआधीच, सतराव्या शतकात, रूढ झाला होता.

त्याचा अर्थ नेमका आहे. समोर आहे ते घ्या, नाहीतर काहीच नाही. दोन वाईट पर्यायांत सापडलेल्या माणसासाठी पुष्कळ जण तो वापरतात, ते चूक आहे. ती अवस्था ‘इकडे आड, तिकडे विहीर’. हॉब्सनकडे आड एकच, आणि त्यातले पाणी प्यायचे की तहानलेले राहायचे एवढेच आपल्या हाती. जुन्या वाक्प्रचारांचे असे कंगोरे जपले पाहिजेत.

मला खटकते ते वेगळेच. भाषेने गिऱ्हाइकाची कुरकूर तेवढी लक्षात ठेवली. ज्यांच्यासाठी हा नियम झाला ते घोडे विसरले गेले. हॉब्सन हटवादी नव्हता. मुक्या जनावरांना विसावा मिळावा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सारखा न्याय मिळावा, अशी ती व्यवस्था होती.

१६३० साली प्लेगमुळे त्याच्या लंडनच्या खेपा थांबल्या. १ जानेवारी १६३१ रोजी, ऐंशी ओलांडलेला हॉब्सन वारला. खेपा थांबल्या म्हणूनच म्हातारा गेला, अशी कल्पना करून कवी मिल्टनने त्याच्यावर दोन कविता लिहिल्या. तेव्हा मिल्टन केंब्रिजलाच शिकत होता.

शहराबाहेरच्या झऱ्यांचे पाणी केंब्रिजमध्ये आणणाऱ्या पाटाच्या देखभालीसाठी हॉब्सनने मृत्युपत्रात तरतूद केली. तो पाट आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.