घरचे आजारपण, दूरचे युद्ध

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात रणभूमीवरील परिचारिकेला मानाचे स्थान लाभले आहे. ती ज्या गावातून निघून गेली तेथील रुग्णांचे काय झाले, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा अमेरिकी भूदलाच्या परिचारिका दलात त्या मानाने थोड्याच स्त्रिया होत्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५९,००० जणींनी तेथे सेवा केली. डॉक्टरही मोठ्या संख्येने सैन्यात गेले. मग घरच्या आजाऱ्याच्या उशाशी बसणार कोण?

रेडक्रॉसने गृहशुश्रूषेचे वर्ग भरवले. कल्पना जुनीच. जेन डेलानो यांनी १९१३ साली या विषयाचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले होते. शिकवायला नोंदणीकृत परिचारिका असत. त्यांतल्या कित्येक संसारात पडून सेवेतून बाहेर गेलेल्या. हात कसे धुवावेत, नाडी कशी मोजावी, तापमापक कसा वाचावा, हे तर शिकवीतच. पण रुग्णाला न उठवता चादर बदलणे हा खरा धडा. त्याला कुशीवर वळवायचे, मळकी चादर पाठीशी गुंडाळत न्यायची, मोकळ्या जागी स्वच्छ चादर अंथरायची, मग त्याला अलीकडे वळवून उरलेली ओढून घ्यायची. उपकरणे घरचीच: पाठीला टेकू म्हणून उलटी खुर्ची, अंथरुणावरचे मेज म्हणून खोके, घाण टाकण्यास वर्तमानपत्राची पिशवी. पेनिसिलीन १९४५ पर्यंत सामान्य नागरिकाच्या हाती सहज येत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामांना 'बायकांचे किरकोळ काम' म्हणणाऱ्यांची आम्हांला कीव येते.

तथापि या टंचाईची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. घरोघरच्या गृहिणींना शिकण्याचे आवाहन होत असताना पूर्ण प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका दाराबाहेर ताटकळत होत्या. १९४१ मध्ये भूदलाने त्यांच्यासाठी अवघ्या ५६ जागा ठेवल्या होत्या. नौदल तर त्यांना घेतच नसे. ६ जानेवारी १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परिचारिकांच्या सक्तीच्या भरतीची मागणी केली. त्यावर कृष्णवर्णीय परिचारिकांच्या संघटनेच्या मेबल स्टॉपर्स यांनी भूदलाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याला भर सभेत विचारले की, इतकी निकड असेल तर आमच्या परिचारिका का घेत नाही? आमच्या मते त्या सबंध युद्धकाळात शुश्रूषेविषयी याहून नेमका प्रश्न कोणी विचारला नसेल. त्याच महिन्यात भूदलाने कोट्याचे बंधन काढले आणि मार्चमध्ये नौदलात पहिली कृष्णवर्णीय परिचारिका रुजू झाली. सक्तीचे विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले होते; मे महिन्यात जर्मनी शरण आला आणि ते तेथेच राहिले.