उत्तेजक औषधांची चाचणी : एडीएचडी आणि नैराश्य एकत्र असलेले प्रौढ

अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार (रूढ नाव एडीएचडी) आणि नैराश्य हे दोन्ही विकार एकाच प्रौढ व्यक्तीत असताना मिथाइलफेनिडेटसारख्या उत्तेजक औषधाचा उपयोग होतो का, झाला तर नेमका कशावर होतो आणि त्याचा धोका किती, हे तुलनेच्या गटासह तपासणारी औषधचाचणी. प्रस्तुत नोंदीत हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात मांडला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीला गावपातळीवरच्या आरोग्यसंशोधनाची मोठी परंपरा आहे. त्यामुळे अशी चाचणी इथे करणे शक्य आहे आणि ती व्हायला हवी. मात्र गोळीची परीक्षा घेण्याआधी इथल्या माणसाचा थकवा आणि त्याचे लक्ष मोजायची पट्टी तपासून घ्यावी लागेल. पट्टीच चुकीची असेल, तर चांगले औषध निकामी ठरेल किंवा निकामी औषध गुणकारी दिसेल.

मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्झोन यांनी प्रथम तयार केले. त्याआधीच, १९३७ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन या उत्तेजकाने मुलांच्या वागण्यात आणि अभ्यासात पडलेला फरक नोंदवला होता. पुढची कित्येक दशके हा मुलांचाच आजार मानला गेला. प्रौढांवरील महत्त्वाच्या सुरुवातीच्या चाचण्यांपैकी एक १९९५ मधली. तिच्यात केवळ २३ जण होते. खऱ्या गोळीने ७८ टक्क्यांना आणि निष्क्रिय गोळीने ४ टक्क्यांना गुण आला. इतका ठळक फरक नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकला नाही. २०२२ च्या कॉक्रेन परीक्षणात प्रौढांवरील २४ चाचण्या, म्हणजे पाच हजारांहून अधिक माणसे, एकत्र पाहिल्यावर लाभ दिसला खरा, पण पुराव्याची खात्री अत्यंत कमी ठरली. नैराश्याचा प्रश्न याहून अवघड आहे. अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीत (२००६) ४.४ टक्के प्रौढांत एडीएचडी आढळला आणि त्यांच्यापैकी १८.६ टक्क्यांना आधीच्या वर्षभरात तीव्र नैराश्य येऊन गेले होते. दोन्ही विकारांचे रुग्ण असे भरपूर असताना एडीएचडीच्या चाचण्यांतून नैराश्याचे रुग्ण बहुधा वगळले जातात आणि नैराश्याच्या चाचण्यांत बालपणीच्या चंचलतेची क्वचितच चौकशी होते. दवाखान्यात जो रुग्ण नेहमी समोर बसतो, तो संशोधनाच्या दोन्ही दारांतून परत पाठवला गेलेला असतो.

उत्तेजक औषध नैराश्यालाही बरे करेल, ही आशा तपासून झालेली आहे आणि तिचा निकाल नीट वाचण्यासारखा आहे. दाद न देणाऱ्या नैराश्यात दीर्घकाळ काम करणारे मिथाइलफेनिडेट जोडून पाहिलेल्या २००८ च्या चाचणीत १४५ रुग्ण होते. नैराश्याच्या मुख्य मापनात अर्थपूर्ण फरक पडला नाही, पण थकवा आणि निरिच्छता मात्र कमी झाली. लिसडेक्सअँफेटामीन या दुसऱ्या उत्तेजकाच्या तिसऱ्या टप्प्यातील दोन मोठ्या चाचण्या नैराश्याचे जोड-औषध म्हणून अपयशी ठरल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. अंगात बळ येणे आणि मन उभारी धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे यावरून म्हणावे लागते. उत्तेजकाचा परिणाम तासाभरात सुरू होतो आणि साध्या गोळीचा तीन-चार तासांत ओसरतो. नैराश्याची औषधे लागू पडायला काही आठवडे घेतात आणि नैराश्याचा झटका काही महिन्यांनी आपोआपही सरू शकतो. म्हणून चाचणीत दोन घड्याळे लागतात. लक्षासाठी एकाच माणसाला काही दिवस खरी आणि काही दिवस निष्क्रिय गोळी आलटून-पालटून देता येते. मनःस्थितीसाठी मात्र दोन स्वतंत्र गट कित्येक आठवडे शेजारी शेजारी चालवावे लागतात. दोन्हींची बेरीज एकाच गुणांकात केली की थकवा उतरलेला माणूस ‘बरा झाला’ म्हणून मोजला जातो, आणि तो मनातून तितकाच खचलेला राहतो.

हाच थकवा चंद्रपूर-गडचिरोलीत वेगळ्या वाटांनीही येतो. ‘मन लागत नाही’, ‘डोकं जड राहते’, ‘अंगात दम नाही’ ही वाक्ये इथे नैराश्यातून येतात, तशीच रक्तक्षयातून आणि सिकलसेलमधूनही येतात. या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्या आजारात मेंदूत बाहेरून न कळणारे सूक्ष्म आघात होतात आणि त्यांनी लक्ष कमजोर होते. गडचिरोली हा राज्यातल्या सर्वाधिक मलेरियाग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि बालपणी मेंदूपर्यंत गेलेला फाल्सिपेरम मलेरिया आकलनावर व लक्षावर कायमची खूण ठेवू शकतो. त्यातच खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, सवय. तंबाखूतील निकोटिन स्वतःच लक्ष तात्पुरते एकवटते, त्यामुळे सकाळचा खर्रा न मिळालेला माणूस प्रश्नावलीत सहज ‘अस्थिर’ ठरेल. दारूचेही तसेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. बंदी कागदावर असली तरी मोहाच्या दारूविषयी प्रत्येक रुग्णाला विचारावेच लागते. रक्ततपासणी, सिकलसेलची तपासणी, झोप, तंबाखू आणि दारू यांची नोंद झाल्याशिवाय कोणालाही चाचणीत घेऊ नये. उत्तेजकाने नाडी आणि रक्तदाब वाढतो. सिकलसेलच्या रुग्णाला पक्षाघाताचा धोका आधीच असतो. त्यामुळे ही तपासणी निदानासाठी जितकी हवी, तितकीच जिवाच्या सुरक्षिततेसाठीही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एडीएचडी हा शाळेच्या बाकाचा आणि कार्यालयाच्या टेबलाचा आजार आहे. रानात त्याचे काय काम? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. केनियातील आरिआल समाजाच्या २००८ च्या अभ्यासात एडीएचडीशी जोडल्या गेलेल्या एका जनुकप्रकाराचे भटके पशुपालक अधिक सुदृढ आढळले, पण तोच प्रकार स्थायिक झालेल्यांमध्ये कमी पोषणाशी जोडलेला दिसला. परिस्थिती बदलली की तीच प्रवृत्ती अडचण होते. पण चंद्रपूर-गडचिरोलीचे जीवन आज निव्वळ रानातले राहिलेले नाही. बँकेचे खाते, रोजगार हमीची हजेरी, आश्रमशाळा, कोळशाच्या खाणीतली पाळी, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पाने मोजून पुडे बांधणे, या सगळ्याला टिकणारे लक्ष लागते. आक्षेपाचे खरे उत्तर पट्टीतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहा प्रश्नांच्या चाळणीतील ठरलेली भेट आठवण्याचा किंवा कामाची नीट मांडणी करण्याचा प्रश्न नुसता भाषांतरित करून भागणार नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीचे काम अर्धे टाकून उठणे, मोहफुले वाळत घालून विसरणे, जनावर सोडून भलतीकडेच लागणे, अशा माडिया, गोंडी, झाडीबोली आणि तेलुगू बोलणाऱ्यांच्या जगण्यातल्या खुणांवर ती नव्याने बेतावी लागेल आणि मगच पारखावी लागेल.

बालपणाचा पुरावा ही दुसरी अडचण. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानग्रंथानुसार काही लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील दीर्घकालीन पाहणीत (२०१५) प्रौढपणी एडीएचडी ठरलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांना बालपणी तो नव्हता, म्हणजे प्रौढपणीच्या लक्षणांवरून बालपणीचा एडीएचडी गृहीत धरता येत नाही हे दिसून आले. खचलेल्या माणसाला आपले बालपणही खचलेलेच आठवते. त्यामुळे आई, मोठी बहीण, जुने शिक्षक यांची साक्ष घेणे अटळ आहे. गडचिरोलीतल्या खेड्यांत ही माणसे बहुधा त्याच गावात भेटतात. शहरातल्या कोणत्याही दवाखान्याला नसलेली ही सोय आहे.

मानसोपचारतज्ज्ञांकडून येणारा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आधी नैराश्य बरे करा, मग लक्ष उरते का ते पाहा, असे ते म्हणतात. आत्महत्येचे विचार असतील किंवा नैराश्य तीव्र असेल, तर हा क्रम निर्विवाद आहे आणि असा रुग्ण चाचणीत नसावाच. पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला असेल, तर एकट्या उत्तेजकाने तो उलटण्याची भीती असते, म्हणून अशा रुग्णालाही वगळावे. पण मध्यम नैराश्य आणि बालपणापासूनचा पक्का एडीएचडी असलेल्या माणसाचे काय? त्याचे नैराश्य वर्षानुवर्षे कामे बिघडण्यातून, बोलणी खाण्यातून आलेले असू शकते. स्वीडनमधील सुमारे ३८ हजार एडीएचडी-रुग्णांच्या नोंदींत (२०१६) औषध घेणाऱ्यांना तीन वर्षांनंतर नैराश्य येण्याचा धोका ४२ टक्क्यांनी कमी दिसला. हा नोंदींचा अभ्यास आहे. औषध नियमित घेणारी माणसे इतर बाबतींतही सावरलेली असू शकतात, म्हणून कारण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. प्रश्न खुला असल्याचे मात्र तो सांगतो. त्यामुळे चाचणीने क्रमाचाच निवाडा करावा. सर्वांना नैराश्याचे औषध द्यावे, आणि अर्ध्यांना मिथाइलफेनिडेट लगेच, तर उरलेल्यांना आठ आठवडे निष्क्रिय गोळी देऊन नंतर खरी द्यावी. कोणीही उपचाराविना राहत नाही आणि थांबण्याची किंमतही मोजली जाते.

व्यसनाची भीती अनाठायी नाही. मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखाली येते आणि औषध नियमांच्या अनुसूची एक्समध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते आणि विक्रीचा परवानाही वेगळा असतो. गोळी गावात ठेवता येणार नाही. पण पाठपुरावा गावातच होऊ शकतो, आणि इथे गडचिरोलीचा इतिहास कामी येतो. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापलेल्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला, जंतुसंसर्गात इंजेक्शन द्यायलाही शिकवले आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. बेताच्या शिक्षणाच्या बाईच्या हाती सुई देणे धोक्याचे, असे तेव्हाही वाटणारे होते; त्या शंकेला तुलनेच्या गावांतल्या मोजणीने उत्तर दिले. रक्तदाब, वजन, झोप, उरलेल्या गोळ्या आणि मनःस्थितीचे चार प्रश्न यांची आठवड्याची नोंद इंजेक्शनहून अवघड नाही.

आदिवासींवर प्रयोग कशाला, हा आक्षेप मात्र आकड्यांनी सुटत नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात २००९ मध्ये एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या वसतिगृह-अधीक्षकांनीच संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले, २०१० मध्ये तो थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. हा सारा प्रकार गोदावरीच्या याच खोऱ्यातला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा संशोधनासाठी रुग्णाची मुक्त, समजून दिलेली संमती मागतो. माडिया समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो, तेव्हा ही अट अक्षरशः पाळावी लागेल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे अभ्यासगटात विषय समजून घेऊन मग सर्वसहमतीने निर्णय करण्याची रीत रुजलेली आहे. चाचणी म्हणजे काय, निष्क्रिय गोळी कशासाठी, हे अशाच बैठकांत गावाच्या बोलीत समजावता येईल. पण ग्रामसभेचा होकार व्यक्तीच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही, आणि कोण रुग्ण आहे हे ग्रामसभेत कधीच बोलले जाऊ नये. चाचणी संपल्यावर गुण आलेल्याला औषध मिळत राहील याची लेखी हमी नसेल, तर ती सुरूच करू नये.

वेळापत्रक ऋतूवर बांधावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि गोळ्या अडकतात. मिथाइलफेनिडेट ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्याचे चार-आठ दिवसांचे खंड बहुधा निभावतात, मात्र पॅरॉक्सेटीन किंवा व्हेनलाफॅक्सिन हे नैराश्याचे औषध अचानक थांबले तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो. फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून नैराश्याच्या औषधांत इथे तेच अधिक सोयीचे. उत्तेजक न चालणाऱ्या रुग्णाला पुढे अॅटोमॉक्सेटिन द्यायचे झाले, तर फ्लुओक्सेटिनमुळे त्याची रक्तातील पातळी वाढते आणि मात्रा बेताने वाढवावी लागते. धानाची कापणी-मळणी आटोपली की नावनोंदणी सुरू करावी. मोहफूल आणि तेंदूपत्त्याचे दिवस त्यामुळे मोजणीच्या आत येतात आणि रोवणीआधी शेवटची तपासणी उरकते.